ती आपल्या मनानं गेली

निवृत्त पोलिसाभोवती चार माणसं जमली की त्याला जुन्या केसेस सांगायला लावतात. मीही सांगतो. त्यातली एक केस मी नोकरीत असताना आणि नंतरही पुष्कळदा सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी तिच्यात एक वाक्य घालत आलो आहे : "वरून फोन आला, माझा नाइलाज झाला." ऐकणारे माना डोलावतात. खात्यात वरून फोन येतात हे सगळ्यांना ठाऊक असतं.

तो फोन आलाच नव्हता. त्या दिवशी ठाण्यातला फोन वाजल्याचंसुद्धा मला आठवत नाही. जे केलं ते मी माझ्या बुद्धीनं केलं, आणि ते करताना मला वाईटही वाटलं नाही. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, ज्यांच्याबरोबर निम्मं आयुष्य काढलं त्या सहकाऱ्यांनाही नाही. आता केस सांगतो. नावं बदलली आहेत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं आणि मी पालघर तालुक्यात फौजदार होतो. हद्द मोठी, जीप एक, तीही ढकलून चालू करायची. पश्चिमेला समुद्रकाठची मच्छीमारांची गावं, मध्ये बोईसरचे कारखाने आणि तारापूरची वसाहत, पूर्वेला मनोरच्या बाजूला डोंगर आणि वारल्यांचे पाडे. गुन्ह्यांचीही तशीच वाटणी होती. किनाऱ्यावर जाळी कापल्याची भांडणं, बोईसरला तांब्याच्या तारेची चोरी आणि एका खोलीत कोंबलेल्या कामगारांच्या मारामाऱ्या, डोंगरात गावठी दारू आणि जंगलखात्याच्या तक्रारी. कोणत्या दिशेनं माणूस आला यावरून तो काय सांगणार हे आमचे जमादार दारातच ओळखायचे. जमादार स्वतः किनाऱ्यावरचे होते, माझ्यापेक्षा वयानं मोठे, आणि बरेचदा बरोबर असायचे.

त्या सकाळी किनाऱ्यावरून एक तांडेल आला. तांडेल म्हणजे बोटीचा मुख्य. बरोबर त्याचा मुलगा आणि गावातले दोन पंच होते. जमादार हळूच म्हणाले, "जाळ्याचं दिसत नाही साहेब. चपला घालून आलेत. काही तरी घरातलं आहे."

घरातलंच होतं. तांडेलाची मुलगी दोन दिवस घरी नव्हती. तिला मी इथे हंसा म्हणतो. वय बावीस. लग्न ठरलं होतं, बोट आणि इंजिन असलेलं घर मिळालं होतं.

"पळवून नेली साहेब," तांडेल म्हणाला. "तो बोईसरचा इंजिनवाला हाय ना, आमच्या बोटीच्या कामाला येतो, तोच. दुसरं कोन नाय."

"तुम्ही बघितलं दोघांना?"

"बघायला कशाला पायजे? जवान पोर हाय, जवान पोरगा हाय."

हा पुरावा आम्हाला त्या वेळी पुरेसा वाटला. मिसिंगची नोंद केली, वर्णन घेतलं, वायरलेस पाठवला. आणि नेहमीप्रमाणे मुलीला न शोधता मुलाला शोधायला लागलो. मुलगी बेपत्ता झाली की तिच्या पाठीमागे कोणी पुरुष असतो, तो सापडला की ती सापडते, हे आम्हाला कोणी शिकवलेलं नव्हतं. ते आम्ही घरूनच घेऊन आलो होतो.

इंजिनवाला लपलेला नव्हता. बोईसरच्या एका गॅरेजात तेलानं माखून काम करत होता. उत्तरेकडचा, पंचविशीचा. आम्हाला बघून त्यानं पाना खाली ठेवला आणि हात पुसायला चिंधी शोधू लागला. जमादार म्हणाले, "हाथ बाद में पोंछना. चल."

त्याची चौकशी आम्ही त्या काळच्या पद्धतीनं केली. पद्धत कोणती ते खात्यातल्या माणसाला सांगायला नको आणि इतरांनी कल्पना करावी. ओरडायला लागला की बाहेर रेडिओ मोठा करायचा.

"कब से चल रहा था?"

"क्या चल रहा था, साहब?"

"लडकी का."

"साहब, वो मेरी तरफ देखती भी नहीं थी. चाय भी उसका भाई देता था. वो तो अपनी सहेली के साथ बैठी रहती थी, वो जंगलवाली आती है ना, उसके साथ. दोनों हँसती रहती थीं, बस."

"सहेली का हमको क्या करना है? अपनी बात बोल."

पहिल्याच दिवशी त्या मुलानं अख्खी केस आमच्या टेबलावर ठेवली होती. आम्ही ती ऐकली आणि बाजूला सारली, कारण तीत पुरुष नव्हता. त्याला आम्ही आणखी काही दिवस बोलावत राहिलो. पुढे त्याच्या एका कानाला कमी ऐकू यायला लागलं, असं गॅरेजवाल्यानं मला सांगितलं होतं. त्या मुलाची माफी मी मागितली नाही. तो बोईसर सोडून गेला.

मी हंसाच्या आईला भेटायला गावात गेलो. ती बोंबील वाळत घालायच्या जागेवर बसली होती. गुडघे सुजलेले. बायका बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांवर बोंबील अडकवत होत्या. ती काम करणाऱ्या बायकांकडे बघत होती आणि माझ्याशी बोलत होती.

सुकी मासळी घेऊन डोंगरात जायचं काम त्या घरात बायकांचं होतं. टोपली घेऊन एसटीनं मनोरच्या बाजाराला जायचं, बाजारात जेवढी खपेल तेवढी खपवायची आणि उरलेली घेऊन पाड्यांवर फिरायचं. तिथे बोंबील देऊन भात घ्यायचा, वाल घ्यायचे, कधी मोहाची फुलं. प्रत्येक घरची पाड्यावरची घरं ठरलेली. आजीची घरं आईला, आईची लेकीला.

"माझं गुडघं गेलं तवापासून हंसाच जाते," आई म्हणाली. "उशीर झाला तर पाड्यावरच राते. लखमीकडं."

"लखमीच्या घरात पुरुष कोण कोण आहेत?"

"कोन नाय हो साहेब. नवरा सोडलाय तिनं. एकटी राते. हिकडं पन येते आमच्याकडं, लाकडं घेऊन. चांगली बाय हाय."

पुरुष नाही म्हटल्यावर मी तो धागा तिथेच सोडला. तरीपण कामात कसूर नको म्हणून पाड्यावर जाऊन आलो. लखमीच्या झोपडीला कुडाचं दार लावलेलं होतं. पाड्याचा कारभारी, म्हातारा, लंगोटी आणि वर जुना कोट, अंगणात बसून दोर वळत होता. तो उठला नाही.

"लखमी कुठे गेली?"

"कामाला गेली आसंल."

"कोणाबरोबर?"

"आपल्या मनाबरूबर."

जमादार हसले. म्हातारा हसला नाही. "साहेब, तिनं नवरा सोडला तवा पन आपल्या मनानं सोडला. आमच्यात बाय आपल्या मनानं गेली का तिच्या मागं कोन जात नाय. मागं गेलं तर तिचा अपमान हाय. तुमी कशाला शोधता? काय चोरलं का तिनं?"

"नाही. चोरलं काही नाही."

"मग?"

भात कापून झाला की पाडेच्या पाडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, तेव्हा लखमीही गेली असेल, असं धरून मी जीपमध्ये बसलो. दोन बायका एकाच आठवड्यात दोन दिशांनी नाहीशा झाल्या होत्या. मी ही दोन टोकं जोडली नाहीत. म्हाताऱ्याचं वाक्य मात्र लक्षात राहिलं. पुढे ते मी वापरलं.

तपास थंडावला. तांडेल ठाण्यात येऊन बसायचा, चहा प्यायचा नाही, निघून जायचा. आणि मग केस फुटली ती दुसऱ्याच कामात.

एका कारखान्यातून तांब्याची तार गेली होती आणि खबऱ्यानं सांगितलं की माल बोईसरजवळच्या बेटेगावात एका चाळीत आहे. चाळ म्हणजे पत्र्याच्या खोल्यांची रांग, मागे गटार आणि मोकळी जागा. तार मिळाली नाही. मी परत फिरत होतो तेव्हा जमादार मागच्या बाजूला थांबले होते. एका खोलीच्या मागे दोन खुंट्यांना दोरी बांधलेली होती आणि तिच्यावर थोडे बोंबील वाळत होते.

"साहेब, हे बाहेरच्या माणसाचं काम नाही."

मला काही कळेना. त्यांनी बोटानं दाखवलं. बोंबील दोन-दोन होते. एकाच्या उघड्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरीच्या दोन्ही बाजूंना सोडायची. एकटा बोंबील मऊ असतो, दोरीवर ठरत नाही, घसरून पडतो. दोन अडकवले की वाऱ्यातही राहतात. "हे आमच्याच बायकांना येतं," जमादार म्हणाले. "कामगार लोक सुका आणतात न् खातात. ओला आणून दारात कोण वाळवतो? ज्याला घरची आठवण येते तो."

चाळीची मालकीण धुणं टाकत होती. तिला विचारलं.

"दोघी बहिणी आहेत. चांगल्या आहेत हो."

"एक कोळीण आणि एक वारलीण, बहिणी कशा?" जमादारांनी विचारलं.

"मला काय करायचंय? सावत्र असतील. आधीचे होते ते दारू पिऊन दारात ओकायचे. ह्या ओकत नाहीत, एवढं मला पुरे."

दार उघडंच होतं. लखमी स्टोव्हवर भात टाकत होती, तिशीची, काळी, सडपातळ. हंसा नुकतीच कामावरून आली असावी. औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायच्या कामावर ती लागली होती, तिच्या बोटांना खळ लागलेली होती आणि ती नखानं काढत होती. मला बघून लखमी भिंतीला टेकली. वारली माणूस पोलिसाला बघून जिथे असेल तिथे थिजतं, ते मी हजारदा पाहिलेलं होतं. हंसा मात्र उभी राहिली.

"बाबानं पाठवलं तुमाला?"

"तुझी मिसिंगची तक्रार आहे."

"मी कुठं हरवलेय? मी हितं हाय."

"कोणी आणलं तुला इथे?"

"एसटीनं."

जमादार तोंडावर हात धरून खोकले. मी वय विचारलं. बावीस पुरी, म्हणाली, शाळेचा दाखला बाबाच्या पेटीत हाय, बघा. कोणाच्या धाकानं आलीस का, नाही. घरी परत जायचं का, नाही.

"लग्न ठरलंय तुझं."

"ठरवलंय. मी नाय म्हनून सांगितलं. त्याच्याशी नाय, कोनाशीच नाय. मला हिच्याबरोबर रायचंय."

"अगं, मैत्रीण आहे ना? लग्न झाल्यावरही भेटता येईल. येत जा अधूनमधून."

मग तिनं विचारलं, "साहेब, तुमचं लगीन झालंय?"

"झालंय."

"मग बाईंना दुसऱ्याच्या घरात ठेवा, आनि तुमी भेटायला जा. अधूनमधून."

जमादार हसायला लागले आणि मध्येच थांबले. त्या क्षणाला मला पुरतं कळलं की या दोघी कोण आहेत आणि काय आहेत. मला काही समजलं नव्हतं असं मी नंतर पुष्कळ वेळा म्हणालो आहे. तेही खरं नाही.

कायदा मला पाठ होता. सज्ञान बाई, स्वतःच्या इच्छेनं राहते, कोणाची जबरदस्ती नाही. तिचा जबाब घ्यायचा, मिसिंगचा कागद बंद करायचा आणि तिला सोडायचं. लागलंच तर मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, ते विचारतील, ती सांगेल. मी तिला हेच सांगितलं. ठाण्यात चल, तुझा जबाब लिहून घेतो, मग तुझं तुला मोकळं. तिनं लगेच पायात चपला घातल्या. जबाब द्यायला तिची काहीच ना नव्हती. उलट, कोणी तरी एकदाचं लिहून घेतंय याचं तिला बरं वाटल्यासारखं दिसलं.

लखमी भिंतीजवळून बोलली. तिनं मला पहिल्यांदाच विचारलं, "भात उतरवू का?"

मी म्हणालो, "राहू दे. ती परत येते."

ठाण्यात तांडेल, मुलगा, पंच सगळे आलेले होते. जमादारांनी निरोप धाडला होता, तशी पद्धतच होती. तांडेल मुलीकडे बघेना. तो माझ्या टेबलासमोर उभा राहिला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. समुद्रात वादळाला न भिणारा माणूस. "साहेब, माझ्या बोटीवर उद्या खलाशी चढनार नायत. लोक विचारतात, तुझी पोर कोनाबरोबर गेली. काय सांगू? पुरुषाबरोबर गेली असती तरी सांगितलं असतं. हे काय सांगू?"

एक पंच म्हणाला, "त्या वारलिनीवर केस करा साहेब. तिनंच काय तरी केलंय पोरीला."

केस करायला कलम लागतं. पुरुषांच्या बाबतीत आमच्या हाताशी एक कलम होतं, तीनशे सत्याहत्तर. त्याखाली गुन्हे क्वचितच नोंदवले जात, धाक मात्र रोज घातला जाई. स्टेशनच्या पलीकडे झुडपात सापडलेल्या पुरुषांना आमची पोरं पकडून आणत. घरी सांगू, कारखान्यात सांगू म्हटलं की ती माणसं पांढरीफटक पडायची. मी त्यांना कानफटात मारून सोडून द्यायचो आणि स्वतःला दयाळू समजायचो. बायकांसाठी तर तेवढंही कलम नव्हतं. कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात ती गोष्ट आलीच नव्हती.

तरी मी हंसाला आतल्या खोलीत नेलं आणि सांगितलं, "तू वडिलांबरोबर गेली नाहीस तर लखमीवर पळवून नेल्याचा गुन्हा दाखल होईल."

"तिनं काय केलं?"

"तुला फूस लावली."

"मीच लावली तिला. खोली मी बघितली, काम मी बघितलं. ती नाय म्हनत होती."

"कागदावर ते तसं येणार नाही. ती वारली आहे, तिचा जामीन कोण देणार? किती दिवस आत राहील माहीत नाही. तू विचार कर."

हा गुन्हा टिकला नसता. पहिल्या तारखेला कोर्टानं आमच्या तोंडावर फेकला असता. ते मला ठाऊक होतं, तिला नव्हतं. माझी सगळी ताकद एवढ्या एका गोष्टीत होती.

ती बराच वेळ नखानं खळ काढत राहिली. मग म्हणाली, "माझा जबाब लिहा ना साहेब. तुमी म्हनाला होता."

"आधी घरी जा. मग बघू."

ती उठली. दारात थांबून तिनं एवढंच सांगितलं, "लखमीला निरोप द्या. हे सगळं झालं म्हनून सांगा. माझ्या मनात नव्हतं, सांगा तिला."

"सांगतो," मी म्हणालो.

'मुलगी मिळून आली. वडिलांच्या ताब्यात दिली.' हे ठरलेलं वाक्य मी लिहिलं. जबाब घेतला नाही. संध्याकाळी तांडेलाच्या मुलानं घरी पापलेटं आणून दिली. बायकोनं विचारलं, कशाबद्दल? मी म्हणालो, एक मुलगी घरी पोचवली. ती म्हणाली, पुण्याचं काम केलंत. आम्ही पोटभर जेवलो. झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी लखमी ठाण्यासमोरच्या चिंचेखाली येऊन बसली. पाड्यावरची बाई आपणहून पोलीस ठाण्यात येते, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. पहाऱ्यावरच्या शिपायानं तिला दोनदा हाकललं, ती थोडी लांब सरकून पुन्हा बसली. ती रोज येऊन बसली तर लोक विचारायला लागतील, आणि एखाद्या वकिलाच्या कानावर गेलं तर मला जड जाईल, एवढं मला दिसत होतं. मी बाहेर गेलो.

ती उभी राहिली. "हंसा कुठं हाय?"

"घरी गेली."

"कोनी नेली?"

तिथे मला कारभाऱ्याचं वाक्य आठवलं. मी म्हणालो, "कोणी नेलं नाही. आपल्या मनानं गेली."

लखमीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. दुसरी कोणी असती तर भांडली असती, रडली असती, मला तिच्या तोंडून ऐकू द्या म्हणाली असती. किनाऱ्यावरच्या बाईनं गाव गोळा केलं असतं. लखमी म्हणाली, "आपल्या मनानं?"

"हो."

"मग बरं," ती म्हणाली आणि निघून गेली. पुन्हा आली नाही. किनाऱ्यावर त्या घरीही कधी गेली नाही, हे मी चौकशी करून ठेवलं होतं. आपल्या मनानं गेलेल्या बाईच्या मागे जाणं म्हणजे तिचा अपमान. तिच्या माणसांमधली सगळ्यात चांगली रीत मी तिच्याच दाराला कडी म्हणून घातली.

हंसाचं लग्न झालं, त्याच किनाऱ्यावर, वरच्या अंगाला. ती तिथून दोनदा निघाली आणि दोन्ही वेळा दुसऱ्या ठाण्यांनी तिला नवऱ्याकडे पोचवलं. त्यातल्या एका अधिकाऱ्यानं मला सांगितलं की तिची आधीची नोंद निघाली, तुम्ही वडिलांच्या ताब्यात दिली होती, म्हणून आम्हालाही सोपं गेलं. त्यानं ते आभार मानल्यासारखं सांगितलं.

बऱ्याच वर्षांनी निवडणुकीच्या बंदोबस्ताला मी तिच्या सासरच्या गावात होतो. बोंबील वाळत घातलेल्या दोऱ्यांमधून वाट होती. हंसा तिथे काम करत होती. जाड झाली होती, केस विरळ झाले होते. मी ओळखलं नसतं, तिनं ओळखलं. हात न थांबवता, जबड्यात जबडा अडकवत ती म्हणाली, "काय साहेब, जबाब घ्यायला आलाव काय?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. त्यांना वाटलं पोलिसाची थट्टा चाललीय. मीही हसलो. मग ती हळू आवाजात म्हणाली, "लखमीला सांगितलं होतं ना तुमी?"

मी म्हणालो, "सांगितलं होतं."

"मग बरं," ती म्हणाली.

तेच दोन शब्द. दोघींनी मला ते एकेकदा दिले, दोन्ही वेळा खोट्याच्या बदल्यात.

हंसा काविळीनं गेली. मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी जमादारांच्या मुलानं सांगितलं. नैसर्गिक मृत्यू, कोणत्याही ठाण्यात नोंद व्हायचं कारण नाही.

या केसनं काय शिकवलं, असं अशा लेखाच्या शेवटी लिहायची रीत आहे. एक सांगता येतं. सज्ञान माणूस हरवलं आहे की नाही, हे पहिल्यांदा त्याच माणसाला विचारायचं असतं. हंसानं मला दारातच सांगितलं होतं, मी कुठं हरवलेय, मी हितं हाय. हल्ली वर्तमानपत्रात वाचतो की मुंबईत अशी माणसं एकत्र येऊ लागली आहेत, ते कलम काढून टाका म्हणतात, आम्हाला आमच्या माणसाबरोबर राहू द्या म्हणतात. आमच्या कट्ट्यावर त्यावर विनोद होतात. मी पूर्वी हसायचो. आता गप्प बसतो. गप्प बसणं काही मोठं काम नाही, हेही कळतं. कलम गेलं तरी आतल्या खोलीत मुलीला नेऊन धाक घालणारा फौजदार तिथेच असेल, आणि त्याला वरून फोन यायची गरज पडणार नाही. त्याच्या घरातून, त्याच्या गावातून, त्याच्या बायकोच्या 'पुण्याचं काम केलंत'मधून तो फोन आधीच आलेला असतो. हे सबब म्हणून लिहीत नाही. मी तो उचलला.

हंसाचा जबाब राहिला होता. तिनं मला बेटेगावच्या खोलीत जे सांगितलं ते वर लिहिलं आहे, मला आठवतं तसं, तिच्या शब्दांत. उशीर झाला आहे, त्याला आता कायद्यात किंमत नाही. पण घेतला आहे.

लखमी अजून आहे. मनोरच्या बाजारात, एसटी थांबते तिथून आत गेलं की डाव्या हाताला बसते. उन्हाळ्यात करवंदं, एरवी रानातली भाजी, कंद, जे मिळेल ते. केस पांढरे झालेत. साध्या कपड्यांत ती मला ओळखत नाही. मी दोनदा तिच्याकडून करवंदं घेतली. दुसऱ्या वेळी तिच्या शेजारची बाई सुके बोंबील घेऊन बसली होती आणि लखमीला म्हणत होती, घे की ग थोडे, भात दे बदल्यात. लखमी म्हणाली, "नको, मी खात नाय." मी करवंदं घेऊन एसटीत बसलो आणि ती पालघरपर्यंत मांडीवर तशीच राहिली.

मी तिला एक वाक्य देणं आहे. ते इथे लिहून फिटत नाही, कारण तिला वाचता येत नाही. ते तिच्यासमोर खाली बसून सांगायला हवं, आणि मी अजून सांगितलेलं नाही : हंसा आपल्या मनानं गेली नव्हती.